फराळाची वही जँगोत चढवली तेव्हा

सासूबाई १९९८ पासून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. सुरुवात रामबागेतल्या ओळखीच्या चार घरांपासून झाली. आता डबे सुदामानगर, टिळकनगर, लोकमान्यनगरला जातात, आणि इंदूर सोडून पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुलांकडे कुरिअरनेही जातात. सगळा हिशेब एका लांबट लाल वहीत. २०२४ च्या दिवाळीत त्या वहीत १४३ ऑर्डरी होत्या, आणि धनत्रयोदशीला लक्षात आलं की एका काकूंची दोन किलो चकली राहून गेली. वहीत लिहिलेली होती, पण तेलाने दोन पानं चिकटली होती. काकू काही बोलल्या नाहीत. सासूबाई मात्र त्या रात्री झोपल्या नाहीत.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात होतं की ही वही संगणकावर हवी. माझं वय ४६. बी.कॉम. झाल्यावर लग्नाआधी चार वर्षं एका दुकानात टॅलीवर हिशेब लिहिले, तेवढाच संगणकाशी संबंध. प्रोग्रामिंग कधी केलं नव्हतं. पुढे लिहिते ते जून ते ऑक्टोबर २०२५ या पाच महिन्यांचं आहे. माझ्यासारख्या कुणाला हे करावंसं वाटलं तर कुठे किती वेळ जातो याचा अंदाज यावा, म्हणून तारखांसकट लिहिते.

आधी भंवरकुआंला एका क्लासमध्ये चौकशी केली. चार महिन्यांचा कोर्स, १८,००० रुपये, आणि बॅच संध्याकाळी सहाची. सहाला आमच्याकडे चहा आणि स्वयंपाक असतो. तिथून बाहेर पडून पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "मामी, तुला सगळं शिकायची गरज नाही. तू पायथन थोडं शिक आणि जँगो घे. नोंदी भरायची पानं ते स्वतःच बनवून देतं."

जँगो म्हणजे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला, वेब ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं, नोंदी भरायची ॲडमिनची पानं, हे सगळं त्यात आधीच असतं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते रचायला सुरुवात केली, आणि जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीच्या घाईत काही तासांत नवं पान उभं करावं लागायचं, त्या गरजेतून ते आलं. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवलंय. इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला डी उच्चारत नाहीत, हे मला भाच्याने पहिल्याच फोनवर सांगून ठेवलं. दिवाळीची मुदत डोक्यावर असताना, मुदतीच्या घाईतूनच जन्मलेली वस्तू हातात येतेय याचा मला धीर वाटला.

१२ जूनला सुरुवात केली. मुलाचा जुना लॅपटॉप होता, चार जीबी रॅमचा. ब्राउझर आणि एडिटर एकत्र उघडले की हलेना. जेल रोडवर जाऊन १,४५० रुपयांत आठ जीबीची पट्टी बसवून घेतली. पायथन बसवताना पहिल्या खिडकीत खाली एक चौकोन असतो, पायथनचा रस्ता विंडोजला सांगणारा. त्यावर खूण करायची मी विसरले आणि दोन रात्री "पायथन" लिहिलं की भलतीच खिडकी उघडत राहिली. काढून पुन्हा बसवलं, खूण केली, सुटलं. पुढचा अडथळा लगेच आला. प्रत्येक कामासाठी वेगळं आभासी वातावरण (त्या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा) करावं असं सगळीकडे सांगतात, ते खरंही आहे. पण ते चालू करायला गेल्यावर पॉवरशेलने, म्हणजे विंडोजच्या आज्ञा लिहायच्या खिडकीने, सांगितलं की या संगणकावर स्क्रिप्टला मनाई आहे. उपाय साधा निघाला. पॉवरशेलऐवजी जुनी काळी कमांड प्रॉम्प्ट उघडायची.

मग पिपने (पायथनचे तयार भाग बसवणाऱ्या आज्ञेने) जँगो ५.२ बसवलं. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही आवृत्ती दीर्घ मुदतीची आहे, तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. आपल्यासारख्यांनी हीच घ्यावी. दरवर्षी नवीन आवृत्तीमागे धावायला आपल्याकडे वेळ नसतो. स्टार्टप्रोजेक्ट, मग रनसर्व्हर अशा दोन आज्ञा दिल्या, आणि १९ जूनच्या रात्री पावणेअकराला ब्राउझरमध्ये जँगो चालू झाल्याचं सांगणारं ते उडणारं रॉकेट दिसलं. घरात सगळे झोपले होते. मी एकटीच बघत बसले.

त्यानंतरचे पंधरा दिवस जँगोच्या अधिकृत धड्यांत गेले. त्यात मतदानाचं छोटं ॲप बनवतात, आठ भागांत. माझे चौथ्या भागापर्यंत बरे गेले, पुढे दमछाक झाली. मग जँगो गर्ल्सची मार्गदर्शिका वाचली. कधीच कोड न लिहिलेल्या बायकांसाठी २०१४ मध्ये बर्लिनमध्ये जी कार्यशाळा झाली, तिच्यासाठी ती लिहिलेली. टर्मिनल म्हणजे काय इथपासून ती सांगते. मी आधी ती वाचून मग अधिकृत धड्यांकडे जायला हवं होतं. तुम्ही तसं करा.

पण खरं शिक्षण सुरू झालं ते ६ जुलैला, आषाढी एकादशीला, जेव्हा दुपारी लाल वही समोर घेतली. वहीत एका ओळीत नाव, फोन, आणि पुढे चकली, शेव, चिवडा, लाडू असे रकाने. मी मॉडेल (नोंदीत कोणते रकाने असतील ते सांगणारा कोड) तसंच्या तसं लिहिलं: ऑर्डर, आणि तिच्यात पदार्थ एक, पदार्थ दोन, पदार्थ तीन. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आणि कुणी पाच गोष्टी मागितल्या तर? कुणी बेसनाचे लाडू दोन जागी दोन पत्त्यांवर मागितले तर?" वहीत त्या समासात लिहितात. संगणकाला समास नसतो.

भाच्याने फोनवर अर्धा तास समजावलं आणि मग मी कागदावर चार चौकटी काढल्या: ग्राहक, पदार्थ, ऑर्डर, आणि ऑर्डरची ओळ. एका ग्राहकाच्या अनेक ऑर्डरी, एका ऑर्डरीच्या अनेक ओळी, प्रत्येक ओळीत एक पदार्थ आणि वजन. जँगोत हे नातं फॉरेन की नावाने लिहितात. ॲडमिनमध्ये इनलाइन वापरलं की ऑर्डरच्या पानावरच खाली ओळी भरता येतात. हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे पायथनपेक्षा आमच्या धंद्यावर जास्त गेले. सत्तावीस वर्षं सासूबाईंच्या डोक्यात जे नियम होते ते मी एकेक विचारून लिहिले. चिवडा पाव किलोने मिळतो का? नाही, अर्ध्याच्या खाली नाही. करंज्या वजनावर की नगावर? नगावर. कुरिअरचा खर्च कुणाचा? मुलाने मागवला तर त्याचा, आईने मुलासाठी मागवला तर अर्धा आमचा.

शेवटच्या नियमाचं कारण मी विचारलं नाही, पण तसा रकाना केला.

तीन गोष्टी इथे सांगते, कारण त्या मला उशिरा कळल्या. वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात साठवा. पाव म्हणजे २५०, दीड म्हणजे १५००, बेरजेत गोंधळ होत नाही. पैशांसाठी डेसिमल फील्ड (अचूक दशांश) घ्या, फ्लोट (अंदाजे दशांश) नको. आणि पदार्थाचा भाव ऑर्डरच्या ओळीत वेगळा लिहून ठेवा. मी आधी भाव फक्त पदार्थात ठेवला होता. चाचणी करताना शेवेचा भाव ३६० चा ३८० केला आणि जुन्या सगळ्या ऑर्डरींची रक्कम आपोआप वाढली. ग्राहकाला सांगितलेला भाव मोडणं सासूबाईंच्या घरात चालत नाही.

ॲडमिनने मात्र मन जिंकलं. सुपरयूजर (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) बनवला, मॉडेल नोंदवली, आणि भरायची, शोधायची, गाळायची पानं तयार. पहिल्यांदा यादीत सगळीकडे "कस्टमर ऑब्जेक्ट १", "कस्टमर ऑब्जेक्ट २" दिसतं, त्यासाठी मॉडेलमध्ये नाव परत करणारं एक छोटं फंक्शन लिहावं लागतं. आणि मराठी नावं दिलीत तर अनेकवचनही आपण द्या, नाहीतर "ग्राहक" या शब्दाला शेपटीला इंग्रजी एस चिकटतो. वेळ एशिया/कोलकाता करा. मूळची वेळ साडेपाच तास मागे असते आणि पहाटे घेतलेली ऑर्डर आदल्या तारखेला पडते.

ऑगस्टमध्ये ग्राहकांची यादी आणायचं काम घेतलं. फोनमधले संपर्क एक्सेलमध्ये, एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल), तिथून जँगोत. पहिली चूक कॅरॅक्टर मॅपची: विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवलीत ते) सांगितलं नाही तर देवनागरी वाचता येत नाही, यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहावं लागतं. ते लिहिलं तर "नाव" हा रकानाच सापडेना. समोर दिसत होता आणि प्रोग्राम म्हणत होता नाही. एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण ठेवतं आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" लिहिलं की ती गळून पडते. हे कळायला चार रात्री लागल्या. यादीतली साधारण तीस नावं जुन्या, युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची अक्षरांची एकच जागतिक पद्धत) नसलेल्या फाँटात टाइप केलेली होती, ती मी हाताने पुन्हा लिहिली.

२७ ऑगस्टला गणपती बसले. दहा दिवस लॅपटॉप उघडला नाही. अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला रात्री गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बसले.

आता बाहेरच्या लोकांना दिसेल असं पान करायचं होतं: पदार्थांची यादी, प्रत्येक पदार्थाचं पान, ऑर्डरचा फॉर्म. पानाच्या वेब पत्त्याच्या शेवटी पदार्थाचं नाव यावं म्हणून स्लग ठेवला, तो नावावरून आपोआप बनतो. चकली भरली, ठीक. शेव भरली तर जतनच होईना, हा स्लग आधीच आहे म्हणे. बघते तर दोन्हींचा स्लग रिकामा. नावावरून स्लग बनवणारी जँगोची मूळची स्लगिफाय फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे ठेवते, बाकी पुसते. युनिकोड चालू द्या असं सांगणारा एक पर्याय आहे, तो लावला. वेब पत्त्यांसाठी असलेला स्लगचा ठरलेला साचाही देवनागरी घेत नाही, म्हणून साध्या मजकुराचा साचा वापरला. पानं उघडली. आनंदाने सासूबाईंना बोलावलं.

त्या चष्मा लावून लॅपटॉपच्या वरच्या पट्टीत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे काय लिहिलंयस गं?" पट्टीत "शव" लिहिलं होतं.

पितृपक्ष चालू होता. मी ते पान तत्काळ बंद केलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला खूप वाईट वाटलं. रात्री कारण शोधलं. पायथनच्या शब्द ओळखण्याच्या नियमात देवनागरीच्या मात्रा अक्षर धरल्या जात नाहीत, त्या वेगळ्या चिन्हांच्या गटात मोडतात. म्हणून स्लगिफाय त्या पुसतं. चकलीची "चकल" होते, लाडूचं "लड", आणि शेवेचं ते. मात्रेशिवाय आपला शब्द शब्दच राहत नाही, हे त्या नियमाला ठाऊक नाही. मराठीत काम करणाऱ्यांनी स्लग आपोआप बनवूच नये असं माझं पक्कं मत आहे. मी पत्त्यात आता फक्त पदार्थाचा क्रमांक ठेवते.

सर्व्हरवर चढवायला सात दिवस गेले. माझ्या संगणकावर चालतं ते तिथे तसंच चालत नाही. डीबग (चुका सविस्तर दाखवणारी सोय) बंद केलं की आधी चारशे नंबरची चूक आली, कारण परवानगी असलेल्या होस्टच्या यादीत आपल्या साइटचं नाव घालायचं असतं. ते घातलं तर ॲडमिन उघडलं, पण रंग गेलेले, सगळं उघडं-बोडकं. स्थिर फाइली (रंगरूपाच्या) एकत्र गोळा करायची कलेक्टस्टॅटिक ही आज्ञा राहिली होती. गुप्त किल्ली फाइलीतून काढून वेगळी ठेवली. "चेक डिप्लॉय" अशी एक आज्ञा आहे, ती काय काय उघडं राहिलंय त्याची यादी देते. लोकांचे फोन नंबर आपल्याकडे असताना ती चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

होस्टिंग (सर्व्हरवरची भाड्याची जागा) परदेशी कंपनीचं, महिन्याला साधारण ४५० रुपये. पैसे भरताना डेबिट कार्ड तीनदा नाकारलं गेलं. बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की परदेशी व्यवहार आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून चालू करायचे असतात, २०२० पासून नवीन कार्डावर ते बंदच येतात. चालू केले, मर्यादा १,००० रुपयांची ठेवली, पैसे भरून लगेच बंद केले. डोमेन (साइटचं नाव) पहिल्या वर्षासाठी ७४९ रुपयांना. पुढच्या वर्षीचा भाव घेतानाच बघून ठेवा, तो बहुतेक जास्त असतो.

१८ सप्टेंबरला सगळं तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, घटस्थापनेला सुरू कर. तसंच केलं. २२ सप्टेंबरला सकाळी व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवला आणि दुपारपर्यंत अकरा ऑर्डरी आल्या. त्यातली पहिली, मागच्या वर्षी चकली राहिलेल्या काकूंची होती.

तीनच दिवसांनी मी मोठी चूक केली. यंदा अनारसे करायचे नाहीत असं ठरलं, म्हणून ॲडमिनमध्ये जाऊन अनारसे हा पदार्थ काढून टाकला. जँगोने एक पान दाखवून विचारलं होतं की याबरोबर अमुक नोंदीही जातील, नक्की का. मी न वाचता हो म्हटलं. नऊ ऑर्डरींमधल्या अनारशांच्या ओळी गेल्या, आणि कुणाला फोन करून "यंदा अनारसे नाहीत" सांगायचं तेच कळेना. मॉडेल लिहिताना धड्यात होतं तसं मी कॅस्केड उतरवलं होतं. मूळ गेलं की फांद्या जातात असा त्याचा अर्थ. तिथे प्रोटेक्ट हवं होतं, म्हणजे फांद्या असेपर्यंत मूळ काढू न देणारं. डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे एकच फाइल. तिची सकाळची प्रत पेन ड्राइव्हवर होती म्हणून वाचले. दिवसभरात आलेल्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर दिलेल्या पोचा बघून पुन्हा भरल्या. तेव्हापासून प्रत दिवसातून दोनदा घेते, आणि पदार्थ काढत नाही, "चालू" या चौकोनातली खूण काढते.

दुसरा घोटाळा लिपीचा होता. आडनावात "ऱ्ह" असलेल्या एका काकूंची ऑर्डर मी लॅपटॉपवर घेतली आणि वाढीव ऑर्डर मुलाने मोबाइलवर. शोधल्यावर त्याला नाव सापडलं नाही, म्हणून त्याने नवा ग्राहक केला. दोन्ही नावं डोळ्यांना एकसारखी. पण गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपुरे अशा आडनावातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. संगणकाला हे दोन वेगळे शब्द. युनिकोड सारखं करून घेण्याची नेहमीची पद्धत इथे चालत नाही, मी करून पाहिली. शेवटी ग्राहक जतन करताना आणि शोधताना, दोन्हीकडे, दुसरी तऱ्हा पहिलीत बदलणाऱ्या दोन ओळी लिहिल्या. फोन नंबर एकमेव असण्याची अटही घातली. नावांचा क्रमही आपल्या बाराखडीप्रमाणे लागत नाही, "ळ" आधी येतो आणि "व" नंतर, क्षीरसागर "क"मध्ये जाऊन बसतात. ते यंदा तसंच सोडलं, शोधून काम होतं.

कोजागरीला, ६ ऑक्टोबरला ऑर्डरी बंद केल्या. एकूण १७१. त्या रात्री मी एकच पान छापलं: प्रत्येक पदार्थाचं एकूण वजन. जँगोत हे पाच ओळींचं काम आहे, पदार्थाप्रमाणे गट करून बेरीज. चकली ७८ किलो, शेव ६४, बेसनाचे लाडू ५२, आणि खाली करंज्यांचे नग. दरवर्षी ही बेरीज आम्ही दोघी वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन दोन दुपारी करायचो, आणि तरी भाजणी कमी-जास्त व्हायची. सासूबाईंनी कागद हातात घेतला, सियागंजला किती डाळ-तांदूळ सांगायचे ते मनात लावलं, आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने घाण्यांचा हिशेब मांडला. तो कागद स्वयंपाकघरात सोऱ्याशेजारी वसुबारसेपर्यंत चिकटवलेला होता. तेल लागून तो पारदर्शक झाला तेव्हा मी दुसरा छापून दिला.

१७ ऑक्टोबरला डबे निघायला लागले, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी शेवटचा गेला. एकही ऑर्डर राहिली नाही. रॅम, डोमेन आणि दोन महिन्यांचं होस्टिंग मिळून खर्च ३,०९९ रुपये. वेळ रोज रात्री दहा ते अकरा, काही रात्री बारापर्यंत.

आता एक रकाना वाढवलाय, स्टीलचा डबा परत आला की नाही याचा. भरलेल्या टेबलात नवा रकाना घातला की मेकमायग्रेशन्स (मॉडेलमधला बदल डेटाबेससाठी लिहून ठेवणारी आज्ञा) विचारतं, जुन्या नोंदींत काय लिहू. मी "नाही" लिहायला सांगितलं आणि मग आलेल्या डब्यांवर एकेक खूण केली. चौदा डबे अजून यायचेत. यादी उघडून ठेवलीय, आज संध्याकाळी सासूबाई फोन करायला बसणार आहेत.